सी हॉक १/७२, पंख दुमडून: कामाच्या नोंदी

८ जून २०२४

कपाटातला सी हॉक, म्हणजे आपल्या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानाचं प्लास्टिक मॉडेल, शेवटी बाहेर काढला. १/७२ची किट, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, साचा फार जुना, म्हणजे अंगभर उठावाचे रिव्हेट, कॉकपिटात एक फळी आणि तिच्यावर बसवायचा पायलट, चाकांच्या जागी नुसती भोकं. नवीन साच्यातल्या किट मिळतात हे माहितीय, पण ही घरात पडून होती आणि हिच्यावर करवत चालवताना हात थरथरत नाही.

करायचं असं की विमान आपल्या विमानवाहू जहाजाच्या, विक्रांतच्या, डेकवर उभं असायचं तसं दिसलं पाहिजे, पंख वर दुमडलेले, कॅनपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, मागे सरकवलेली, खाली बॉम्ब-रॉकेट काही नाही. उडतानाच्या पोझमधली मॉडेल सगळेच करतात, पण जहाजावरचं विमान दिवसातला बराच वेळ दुमडून, बांधून उभंच असतं, आणि विक्रांत काही मोठं जहाज नव्हतं, पंख पसरून ठेवले तर शेजारच्याला हलायला जागा नाही.

काळ १९७१च्या युद्धाचा धरलाय. स्क्वाड्रन अर्थातच नौदलाची आयएनएएस ३००, व्हाइट टायगर्स. ४ डिसेंबरला आठ सी हॉक विक्रांतवरनं उडून कॉक्स बझारवर गेले, मग चितगाव, लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्तांना महावीर चक्र मिळालं ते ह्याच मोहिमेत. आणि ते सुद्धा विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला असताना, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता तेव्हा. हे वाचल्यापासनं हेच विमान करायचं डोक्यात होतं.

मापं घेतली. खऱ्याचा पंखविस्तार ११.८९ मीटर, म्हणजे १/७२ला १६५ मिलिमीटर, लांबी १२.०९ मीटर म्हणजे १६८. किट दोन्हीकडे मिलिमीटरभर इकडंतिकडं. साचा म्हातारा असला तरी ज्यानं केला त्यानं मन लावून केलाय.

११ जून

आज नुसते फोटो बघितले. गोव्याला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे तिथं बाहेर सी हॉक उभा आहे, मागं गेलो होतो तेव्हा चाकांच्या खोबणीत मोबाइल घालून घालून फोटो काढले होते, बायको लांब उभी राहून ओळख दाखवत नव्हती. ते फोटो आकारासाठी सोनं आहेत, रंगासाठी शून्य. उघड्यावर, समुद्राकाठी ठेवलेलं विमान, किती हात रंगाचे बसले असतील, खोबणीच्या आतसुद्धा ब्रश फिरवलेला असतो.

दुसरी गोष्ट शेपटी. भारतानं सुरुवातीला घेतले ते मार्क ६, मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती, नंतर जर्मन नौदलाकडची २८ विमानं आली ती मार्क १०० आणि १०१, आणि त्यांचा उभा पंख उंच. त्यामुळं कुठलाही भारतीय सी हॉकचा फोटो उचलला आणि मापं काढली असं चालत नाही, आधी शेपटी बघायची, मग बाकीचं. मी मार्क ६ करतोय, बुटक्या शेपटीचा, किटमधली शेपटी तीच आहे, तेवढं एक काम वाचलं.

१५ जून

रिव्हेट घासले. एवढंच केलं दिवसभर.

हिशोब सोपा आहे, प्लास्टिकवर रिव्हेटचा टिपका पाव मिलिमीटर उंच असेल तर खऱ्या विमानावर तो १८ मिलिमीटर उंच झाला, म्हणजे पंखावर सुपाऱ्या चिकटवल्यासारखं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग ६००, मग १०००. कोरडा घासला तर प्लास्टिकची पूड नाकात जाते आणि चरेही पडतात. पंखाच्या पुढच्या कडेला आणि जेटच्या हवेच्या तोंडापाशी बोटानं पेपर धरायचा, ठोकळ्यावर गुंडाळून धरला तर गोलाई सपाट होते.

पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, परत कोरायला घेतल्यात. लेबलची जाड टेप चिकटवायची आणि तिच्या कडेनं सुई ओढायची, दाब न देता, चारपाच वेळा. पहिल्याच फटक्यात खोल कोरायला गेलं की सुई लाइन सोडून पळते. आणि इथंसुद्धा तोच हिशोब, ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्यावर १४ मिलिमीटरची फट. शेत नांगरल्यासारख्या लाइन मारलेली मॉडेल बघितली की मला कसंतरी होतं, बक्षिसं मिळतात त्यांना तरीपण. मी फक्त मोठे दरवाजे, तोफांची झाकणं आणि हलणारे भाग कोरणार, बाकीच्या लाइन पेन्सिलनं रंगावर.

२२ जून

आज करवत. पंखाचे वरचे-खालचे भाग आधी एकमेकांना चिकटवून दोन दिवस ठेवले होते, सुटे कापले तर दोन्ही काप जुळत नाहीत. दुमडायची रेषा टेपनं आखली, सुईनं खोल करून घेतली आणि मग पातळ करवतीनं, टेबलावर आडवं धरून, हळूहळू. ब्लेडची जाडी पाव मिलिमीटर आहे, तेवढं प्लास्टिक भुग्यात जातं, पण पंख पसरून लावायचे नसल्यामुळं त्याचं काही वाटून घ्यायचं नाही.

कापल्यावर आत दिसलं ते अपेक्षितच, दोन जाड पत्रे आणि मध्ये पोकळी. पंखाचं कातडं इथं दीड मिलिमीटर, म्हणजे खऱ्यावर दहा सेंटिमीटरच्या वर. कापलेल्या तोंडाशी आतून कटरच्या टोकानं खरवडून कडा पातळ करत बसलोय, उजेडासमोर धरलं की प्लास्टिकमधनं उजेड दिसायला लागला म्हणजे बास. पूर्ण पंख पातळ करायची गरज नाही, डोळा फक्त कड बघतो.

३० जून

तापकीर गल्लीत जाऊन आलो. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार घेतली, ३८ गेज आणि ३६ गेज, मोठं रीळ घ्या म्हणून दुकानदार मागं लागला होता, म्हटलं मला दोन मीटर पुरेल, त्यानं वर बघितलं आणि फुकटच कापून दिली. ३८ गेज म्हणजे ०.१५ मिलिमीटर, खऱ्यावर ११ मिलिमीटरची नळी, हायड्रॉलिक लाइनला अगदी चपखल.

पंखाच्या सांध्याचं तोंड आता हळूहळू भरतंय. पाव मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधनं पंखाच्या आकाराची बरगडी कापली आणि ती काठाला न लावता अर्धा मिलिमीटर आत ढकलून चिकटवली, त्यामुळं कातड्याची पातळ कड पुढं येते आणि खोली दिसते. बरगडीला भोकं पाडली, बिजागरीचे कान शीटचे दोन दोन तुकडे चिकटवून घासून केले, कानात भोक, भोकात तार. मग नळ्या. तार आधी काडेपेटीवर घासून सरळ करायची, सुईच्या टोकाभोवती वाकवायची, आणि फेविक्विक थेट बाटलीतनं नाही लावायचं, फॉइलवर थेंब घेऊन टाचणीच्या टोकानं टेकवायचं.

एका बाजूला अकरा नळ्या झाल्यात. खऱ्यात जास्त असणार. पण ह्यापुढं घातल्या तर नुसतं जाळं दिसेल, नळी दिसणार नाही. १/७२ला काय गाळायचं हे ठरवणं हेच निम्मं काम आहे असं माझं मत आहे, लोक उगाच सगळं कोंबतात.

७ जुलै

सी हॉकची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. रोल्स रॉइसचं नीन इंजिन मधोमध, हवा दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या तोंडांतनं आत, आणि धूर मागं शेपटीतनं नाही तर पुन्हा दोन फाटे फुटून पंखांच्या मागच्या कडेपाशी दोन्ही बाजूंनी बाहेर. त्यामुळं शेपटीचा पाइप वाचला, वजन आणि जोर वाचला, मागच्या पोटात इंधनाला जागा झाली. कागदावर सरळ, मॉडेलवाल्याच्या दृष्टीनं चार भोकं ज्यातनं आरपार दिसतं.

किटमध्ये पुढच्या तोंडातनं बघितलं की पलीकडचा टेबललॅम्प दिसतो. तर आतनं शीट वाकवून बोगदे केले, कढत पाण्यात शीट धरली की वळते, पेन्सिलीवर गुंडाळून ठेवायची. बोगदा साधारण दीड सेंटिमीटर आत जाऊन वळतो आणि तिथं काळ्यानं बंद. सांधे आतनं एम-सीलनं भरले, ओल्या बोटानं गुळगुळीत केले, वाळल्यावर घासायला बोट जात नाही म्हणून आईसक्रीमच्या काडीला पेपर चिकटवून घासले. ह्याच्यात अख्खा रविवार गेला आणि अजून डावी बाजू राहिलीय.

धुराच्या तोंडांना कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा. प्लास्टिकची कड कितीही घासली तरी पत्र्यासारखी दिसत नाही, पत्राच पत्र्यासारखा दिसतो. गॅसवर तापवून घेतला की मऊ पडतो आणि छापही निघून जातो.

१४ जुलै

कॉकपिट झालं. थोडक्यात लिहितो कारण कॅनपी उघडी असली तरी आत दिसतं काय तर सीटचा वरचा भाग आणि दोन्ही बाजूंच्या कडा. मार्टिन-बेकरची इजेक्शन सीट शीटमधनं केली, पट्टे सिगारेटच्या चांदीचे, डोक्यावरचं पिवळं-काळं हँडल तारेचं. चेहऱ्यावर पडदा ओढायचं हँडल ते, पायलट बाहेर फेकला जायच्या आधी ते दोन्ही हातांनी खाली ओढायचा. पिवळ्यावर काळे पट्टे मारायला ब्रश नाही वापरला, अणकुचीदार केलेली टूथपिक. समोरचं पॅनल काळं, घड्याळांच्या जागी ग्लॉसचे थेंब.

पायलट बसवला नाही.

नाकात वजन हवं नाहीतर विमान शेपटीवर बसणार. मासेमारीच्या दुकानातले शिशाचे गोळे, हातोडीनं चपटे करून सीटच्या मागं आणि नाकाच्या चाकाच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना. किती लागेल हे बघताना दुमडलेले पंख टेपनं जागेवर लावून बघितलं, उगाच पसरलेल्या पंखांच्या हिशोबानं घालायचो आणि मग कमी पडायचं. शिसं हाताळल्यावर हात साबणानं, हे सांगायला नको.

२१ जुलै

पाऊस. भिंतींनासुद्धा घाम आलाय. रंगाला हात लावला नाही. चाकांचे दरवाजे शीटमधनं नवीन कापले, किटमधले एक मिलिमीटर जाड होते, खऱ्यावर सात सेंटिमीटर, बँकेच्या तिजोरीला शोभतील.

४ ऑगस्ट

उघडीप मिळाली म्हणून प्रायमर मारला आणि डाव्या पंखावर पांढुरकी साय आली. ब्लश म्हणतात ते हेच, लॅकर थिनर झपकन उडून जातं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्याच्यावर बसते. पावसाळ्यात पुण्यात हे होणारच, कोकणातल्या लोकांचं तर विचारूच नका. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात रिटार्डर थिनर मिळतं, हळू उडणारं, ते एकटंच हलक्या हातानं वरनं फवारलं की खालचा थर थोडा मऊ होतो, ओल निघते आणि साय जाते. गेली. बाकीचा प्रायमर त्याच्यातच कालवून मारला. कॉम्प्रेसरच्या ओल पकडणाऱ्या ट्रॅपमध्ये चमचाभर पाणी निघालं.

प्रायमरखाली सगळं खरं दिसतं. इंजिनच्या वरचा सांधा परत भरायचाय.

११ ऑगस्ट

रंग. वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ब्रिटिश स्टँडर्डचा ६४०, खाली स्काय, २१०. ब्रिटिश नौदलाचीच रंगसंगती, विमानं तिकडनंच आली. स्काय नाव असलं तरी आकाशाचा नाही, हिरवट-पिवळट असा फिका रंग, कच्च्या पेरूच्या आतल्या भागाकडं जाणारा. मी पांढऱ्यात थोडा पिवळा, त्याच्यापेक्षा कमी हिरवा आणि काळ्याचा एक थेंब घालून केलाय, बाजारातल्या बाटलीपेक्षा किंचित फिका, कारण एवढ्या छोट्या वस्तूवर मूळ रंग जड दिसतो.

आता इथं पंख दुमडल्याचा खरा परिणाम लक्षात येतो. पंख वर उभे राहिले की त्यांची खालची बाजू बाहेर तोंड करते आणि वरची बाजू आत, एकमेकांकडं. म्हणजे बाजूनं बघणाऱ्याला करडं विमान न दिसता मोठाच्या मोठा स्काय रंगाचा तक्ता दिसतो, त्याच्यावरचं गोल चिन्ह दिसतं, शस्त्रं लटकवायचे पायलन आडवे बाहेर आलेले दिसतात. एरवी मॉडेलची खालची बाजू आपण अर्ध्या मनानं करतो, कोण उलटं करून बघतंय म्हणून. इथं तीच दर्शनी. त्यामुळं बाहेरच्या पंखांच्या खालच्या बाजूला जेवढा वेळ दिला तेवढा वरच्या बाजूला नाही दिला, सरळ हिशोब. पॅनल लाइनसुद्धा तिथं जास्त कोरल्या होत्या आधीच.

सांध्याची आतली तोंडं स्कायमध्येच ठेवली, त्यावर काळपट वॉश, म्हणजे फटींत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग, नळ्यांवर जवळजवळ सुक्या ब्रशनं चंदेरी.

१८ ऑगस्ट

गोल चिन्हं रंगवली. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं, घरी छापता येतात, पण आपल्या प्रिंटरला पांढरा छापता येत नाही, पारदर्शक कागदावर केशरी छापून ते गडद करड्यावर लावलं की विटकरी दिसतं. म्हणून मास्क. वर्तुळ कापायच्या कंपासनं टेपमध्ये तीन वर्तुळं, आधी पूर्ण चकती पांढरी, मग पांढऱ्या कड्यावर टेपचं कडं बसवून बाहेर केशरी, मधे हिरवा. बाहेरचा केशरी, मधला पांढरा, आत हिरवा, उलट करणारे लोक बघितलेत म्हणून लिहितोय. केशरीत थोडा पांढरा घातलाय, नाहीतर भडक प्लास्टिकसारखा वाटतो.

आकडे आणि अक्षरं मात्र डेकलची, आधी ग्लॉस, मग डेकल, खाली व्हिनेगरचं पाणी, बसली छान.

२५ ऑगस्ट

सोसायटीतले एक काका नौदलात एअर मेकॅनिक होते, दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावर सत्तरच्या दशकात सी हॉकवर हात काळे केलेले. १९८३ला सी हॅरियर आले तोपर्यंत हीच विमानं. मॉडेल दाखवायला नेलं. मी वॉश जरा जास्तच खुशीत केला होता, कॅमलिनचा बर्न्ट अंबर आणि काळा, टर्पेंटाइनमध्ये, पोटावर ओघळ बिघळ.

काका चष्मा वर करून म्हणाले, "अरे, हे विमान कुणी धुतलं नाही का? खाऱ्या हवेत एवढी घाण ठेवली असती तर चीफनं आम्हालाच धुतलं असतं. गोड्या पाण्यानं पुसायचो रे. रंग उडायचा, घाण नाही राहायची."

"मग काका, कुठं उडायचा जास्त?"

"जिथं पाय पडतो. आणि जिथं स्क्रूड्रायव्हर लागतो. तू आमच्या बुटांचा विचार कर, पावसाचा नको करू."

घरी येऊन कापसाच्या काडीवर टर्पेंटाइन घेऊन पोटाचे ओघळ निम्म्याच्या वर पुसले. करड्यात पांढरा मिसळून पंखाच्या मुळाशी, कॉकपिटात चढायच्या जागी आणि तोफांच्या झाकणांच्या कडेनं स्पंजनं बारीक टिपके, मधे मधे मूळ करड्यानं पॅच. आता विमान वापरातलं दिसतंय, टाकून दिलेलं नाही.

१ सप्टेंबर

जोडणी. चार २० मिलिमीटर हिस्पानो तोफा नाकाच्या खाली, त्यांच्या तोंडात २६ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचे तुकडे. ह्या सुईचं आतलं भोक ०.२६ मिलिमीटर, गुणिले ७२ म्हणजे जवळजवळ १९, ह्याच्याहून बरं काय मिळणार. सुई कटरनं दाबून कापली तर तोंड चपटं होतं, फिरवत फिरवत घासून कापायची. टाचणीचा तुकडा आत घालून घासलं तर भोक बुजत नाही.

शेपटीखालचा हुक, पत्र्याचे दरवाजे, कॅनपी मागं सरकवून. कॅनपी किटची जाड होती आणि मागं सरकवली की पाठीवर बसेना, म्हणून किटच्या कॅनपीत एम-सील भरून साचा केला आणि औषधाच्या मोठ्या गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक गरम करून त्याच्यावर ओढलं. पातळ, स्वच्छ, आणि खर्च काय तर ॲसिडिटीच्या गोळ्या.

पंख शेवटी. पुठ्ठ्याचा जिग केला, दोन्ही बाजूंचा कोन सारखा राहील असा, बिजागरीच्या कानात तार घालून इपॉक्सी, रात्रभर जिगमध्ये. फेविक्विकवर हे वजन सोडायचं नव्हतं. सकाळी सोडवलं, दोन्ही सारखे उभे.

गणपतीची साफसफाई सुरू होतेय, टेबल रिकामं करा असा आदेश आलाय.

२२ सप्टेंबर

डेकचा तुकडा केला, गडद करडा, त्याला विमान बांधायच्या वाट्या, साखळ्या ३८ गेजच्या दोन तारा पिळून. साखळी दिसते. काकांना बोलावून दाखवलं. खूप वेळ बघितलं, सांध्यातल्या नळ्या भिंगातनं बघितल्या, दोनतीन नळ्यांना नावंसुद्धा सांगितली. मग हवेच्या तोंडात टॉर्च मारला, बोगदा बघून मान हलवली आणि म्हणाले, "एवढं आतलं केलंस, पण डेकवर बांधून ठेवलेल्या विमानाला तोंडाला ब्लँक असतात रे. लाल. आणि पिटोवर पिशवी. नाहीतर कुणीतरी चिंधी विसरायचा आत आणि इंजिन गेलं."

ब्लँक म्हणजे झाकणं, पिटो म्हणजे वेग मोजायची बारीक नळी. बरोबर आहे, विमान बांधलंय म्हणजे तोंडं बंदच असणार. बोगद्यांवरचे ते सगळे रविवार लाल झाकणाखाली घालायला जीव होत नाहीये, तर झाकणं चिकटवणार नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या शीटची, दाबून बसणारी करतोय, दोरीच्या हँडलसकट, ओढली की निघतील. धुराच्या तोंडांनाही दोन लागतील. एकूण चार, आणि पिटोची पिशवी टिश्यू पेपर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून.